कोकोचा भाव आणि स्वातंत्र्याचा हिशोब: घानाच्या पहिल्या दशकाविषयी

वसाहतींतून मुक्त झालेल्या देशांच्या आर्थिक इतिहासाविषयी आपल्याकडे दोन निकाल तयार असतात, आणि त्यांपैकी कोणता वाचावयास मिळेल हे लेख कोणत्या दशकात लिहिला गेला यावरून बहुधा आधीच सांगता येते. १९६०-७० च्या दशकांत लिहिणारा म्हणे की, राज्यकर्ते गेले पण बाजार त्यांच्याच हाती राहिला, म्हणून हे देश दरिद्री राहिले. १९९१ नंतर लिहिणारा म्हणतो की, नव्या सरकारांनी बाजारात नको तेवढा हात घातला, म्हणून ते दरिद्री राहिले. दोन्ही निकालांत एक सोय आहे. निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे साक्षीदार तपासावे लागत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही एकाच देशाची, घानाची, साक्ष काढू इच्छितो. आणि त्यातही पुढारी व अर्थतज्ज्ञ यांच्याबरोबर कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही उभे करू इच्छितो, कारण दोन्ही निकालपत्रांत त्याचे नाव येते ते केवळ उल्लेखापुरते.

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत घाना या नावाने स्वतंत्र झाली. त्या वेळी तिची सांपत्तिक स्थिती नवस्वतंत्र देशांत हेवा वाटावी अशी होती. लंडनमध्ये सुमारे २० कोटी पौंडांची गंगाजळी जमा होती, देश जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक होता, सोन्याच्या व मँगनीजच्या खाणी होत्या, शिकलेला वर्ग होता. क्वामे एन्क्रुमा १९५१ ची निवडणूक तुरुंगात असताना जिंकले होते आणि सत्तांतर रक्तपाताशिवाय घडले होते. नऊ वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, सैन्याने त्यांना पदच्युत केले तेव्हा गंगाजळी संपलेली होती, परदेशी कर्ज फुगले होते आणि आक्र्याच्या रस्त्यांवर लोक आनंदाने नाचले. या नऊ वर्षांत काय घडले, हा आमचा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर १९५७ पासून सुरू करता येत नाही.

१

कोको हे आफ्रिकेचे मूळ पीक नव्हे. ते अमेरिका खंडातले. टेटे क्वाशी नावाच्या कारागिराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून त्याच्या बिया आणून आक्वापिमच्या डोंगरात लावल्या, असे घानात परंपरेने सांगितले जाते. १८९१ मध्ये निर्यातीची पहिली नोंद झाली ती काही पौंड वजनाची. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातील पहिल्या क्रमांकाचा उत्पादक झाला होता. वीस वर्षांतला हा पराक्रम कोणत्याही सरकारी योजनेचा नव्हता, की गोऱ्या मळेवाल्यांचाही नव्हता. पॉली हिल यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की, आक्वापिम व क्रोबो भागांतील लोकांनी पामतेलाच्या व्यापारातून साठवलेला पैसा एकत्र करून, गट करून, पश्चिमेकडील अरण्यजमिनी विकत घेतल्या, तेथे स्थलांतर केले, आणि एका मळ्याच्या उत्पन्नातून दुसरा मळा उभा केला. पूल बांधण्यासाठी ठेकेदारांना पैसेही त्यांनीच दिले. ज्याला परके प्रशासक आणि पुढे स्वकीय नियोजनकारही अडाणी व परंपराग्रस्त समजत राहिले, तो शेतकरी वस्तुतः दूरदृष्टीचा गुंतवणूकदार होता. कोकोचे झाड फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर ज्याला धीर धरवत नाही त्याने कोको लावू नये.

या शेतकऱ्याच्या आणि जगाच्या बाजारामध्ये युरोपीय व्यापारी कंपन्या उभ्या होत्या. १९३७ मध्ये त्यांनी भाव पाडण्यासाठी आपसांत करार केला. तेव्हा शेतकऱ्यांनी कोको विकण्याचेच नाकारले आणि त्याबरोबर विलायती मालावर बहिष्कार घातला. हा अडवणुकीचा लढा १९३८ च्या एप्रिलपर्यंत चालला. मुख्यांपासून छोट्या दलालांपर्यंत सर्व त्यात उतरले. ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि आयोगाने कंपन्यांच्या युतीवर ठपका ठेवला.

पुढे महायुद्ध आले आणि सरकारने सर्व कोको स्वतःच खरेदी करण्यास सुरुवात केली. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, याच व्यवस्थेला कोको मार्केटिंग बोर्डाचे कायम रूप देण्यात आले. बोर्डाचे समर्थन ऐकण्यास गोड होते. जगात भाव चढतील तेव्हा त्यातला काही भाग राखून ठेवायचा आणि उतरतील तेव्हा त्या निधीतून शेतकऱ्याला सावरायचे. प्रत्यक्षात त्या वर्षांत भाव चढतच राहिले, बोर्ड राखतच राहिले आणि राखलेला पैसा लंडनमध्ये ब्रिटिश रोख्यांत गुंतवला गेला. युद्धाने जर्जर झालेल्या ब्रिटनला परकीय चलनाची नड होती. आफ्रिकी शेतकऱ्याच्या घामाचा पैसा त्या काळात साम्राज्याच्या राजधानीला उसना मिळत होता. अर्थशास्त्रज्ञ पीटर बाउअर यांनी १९५४ मध्येच या बोर्डांवर कठोर टीका केली होती. स्थिरतेच्या नावाने चाललेली ही करवसुली आहे, असा तिचा आशय होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या गंगाजळीचे कौतुक होते, ती मुख्यतः शेतकऱ्याला न दिलेल्या भावातून साठली होती. नव्या राष्ट्राचे भांडवल म्हणजे शेतकऱ्याचे थकलेले देणे होते.

२

एन्क्रुमांच्या पक्षाने वसाहतकाळी बोर्डावर टीका केली होती. सत्तेची पहिली पायरी चढताच त्याला बोर्डाचे महत्त्व कळले. १९५४ मध्ये लंडनच्या बाजारात कोकोचा भाव टनाला ४०० पौंडांच्या वर गेला असताना, सरकारने कायदा करून शेतकऱ्याचा भाव ६० पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग असा गोठवला. टनाचा हिशोब केला तर हे सुमारे १३४ पौंड होतात. उरलेला पैसा विकासाला, असे सांगण्यात आले. महागाई रोखण्याचेही कारण देण्यात आले, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. पण कोकोच्या पट्ट्यात, विशेषतः असांते प्रदेशात, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कुमासीला राष्ट्रीय मुक्ती चळवळ उभी राहिली. तिच्यात शेतकऱ्यांचा राग होता, मुख्यांची गेलेली सत्ता होती, प्रादेशिक अस्मिता होती. पुढची दोन वर्षे हाणामाऱ्यांत आणि बाँबफेकीत गेली. १९५६ ची निवडणूक एन्क्रुमांनी १०४ पैकी ७१ जागा जिंकून निर्णायकपणे खिशात घातली. तरी स्वातंत्र्याच्या पायातच एक तडा राहिला, आणि तो कोकोच्या भावावरून पडलेला होता.

एन्क्रुमांच्या बाजूने जे म्हणता येते ते आम्ही येथे नीट मांडू इच्छितो, कारण ते वजनदार आहे. एका पिकावर जगणारा देश दुसऱ्याच्या हातात असतो. कच्च्या मालाचे भाव दीर्घ काळात कारखानी मालाच्या तुलनेत घसरत जातात, हा सिद्धांत राउल प्रेबिश व हान्स सिंगर यांनी १९५० च्या सुमारास मांडला होता आणि घानाला त्याचा अनुभव फार लवकर आला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवसाम्राज्यवादावरील पुस्तकात एन्क्रुमांनी स्वतःच आकडे दिले आहेत. १९५४-५५ मध्ये २,१०,००० टन पिकाचे साडेपंच्याऐंशी दशलक्ष पौंड आले. १९६४-६५ मध्ये सुमारे ५,९०,००० टनांचे जेमतेम ७७ दशलक्ष पौंड येण्याचा अंदाज होता. माल जवळजवळ तिप्पट, पैसा कमी. त्या उन्हाळ्यात लंडनचा भाव टनाला १०० पौंडांच्याही खाली गेला. कोणताही नियोजनकार, तो कितीही प्रामाणिक व कुशल असो, अशा पायावर सात वर्षांची योजना कशी उभारणार? घानाची सप्तवार्षिक योजना १९६४ मध्ये जाहीर झाली आणि तिचे गणित वर्षभरातच कोलमडले.

घानाने प्रतिकार केला नाही असेही नाही. १९६२ मध्ये कोको उत्पादक देशांची आघाडी स्थापन झाली. १९६४-६५ च्या हंगामात माल बाजारातून रोखून धरण्याचा प्रयत्न तिने केला. टेमा बंदरात कोको साठवण्यासाठी प्रचंड कोठारे बांधण्यात आली. पण खरेदीदारांकडे साठा होता आणि विक्रेत्यांकडे रोकड नव्हती. अडवणूक काही महिन्यांत मोडली आणि कोठारे कधी वापरलीच गेली नाहीत. १९३७ ची शेतकऱ्यांची अडवणूक चौकशी आयोगापर्यंत पोहोचली, स्वतंत्र सरकारांची अडवणूक मात्र फसली, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. आम्हांला वाटते, त्याचे एक कारण असे की, पहिल्या वेळी लढणाऱ्याचा माल त्याचा स्वतःचा होता आणि त्याने ती झळ स्वखुशीने पत्करली होती. दुसऱ्या वेळी झळ सोसायची होती शेतकऱ्याने, आणि त्याला विचारले कोणीच नव्हते.

३

सेंट लुशिया बेटात जन्मलेले आर्थर लुईस यांनी १९५३ मध्ये गोल्ड कोस्टच्या औद्योगिकीकरणावर अहवाल लिहिला. त्याचा गाभा असा की, आधी अन्नधान्याच्या शेतीची उत्पादकता वाढवा; तिच्यावाचून कारखान्यांना ना बाजारपेठ मिळेल, ना मजुरांना स्वस्त अन्न. १९५७ मध्ये ते एन्क्रुमांचे आर्थिक सल्लागार होऊन आक्र्याला आले आणि सव्वा वर्षात, मतभेद होऊन, परत गेले. सल्लागाराला अर्थशास्त्र दिसत होते, पंतप्रधानाला राजकारण. आणि दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आम्ही आवरतो. कारण शेतीला प्राधान्य न देण्याचा निर्णय केवळ राजकीय नाइलाजाचा नव्हता. आधुनिकता म्हणजे पोलाद, काँक्रीट आणि यंत्रे, शेत म्हणजे मागासलेपण, ही त्या पिढीची श्रद्धा होती, आणि ती एकट्या घानाची नव्हती.

दुसरे सल्लागार निकोलस काल्डोर. भारतीय वाचकांना हे नाव परिचित असावे, कारण १९५६ मध्ये त्यांनी आपल्या करपद्धतीवर अहवाल दिला होता. १९६१ मध्ये घानाच्या अर्थसंकल्पामागे त्यांचाच सल्ला होता. त्यातून आलेली सक्तीची बचत मजुरांच्या पगारातून कापली जाऊ लागली तेव्हा सप्टेंबरात सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे व गोदी कामगारांनी संप पुकारला. संपाचे पुढारी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली तुरुंगात गेले. हा कायदा १९५८ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षीचा. याच कायद्याखाली स्थानबद्ध असलेले जे. बी. डांक्वा, ज्यांनी एके काळी एन्क्रुमांना इंग्लंडहून परत बोलावणाऱ्या पक्षाचे नेतृत्व केले होते, ते १९६५ मध्ये न्सावामच्या तुरुंगात मरण पावले. १९६४ पासून देशात एकच पक्ष उरला होता.

हे सर्व आर्थिक इतिहासाच्या बाहेरचे आहे असे कोणी म्हणू नये. १९६१ मध्ये सरकारधार्जिण्या शेतकरी मंडळाला कोको खरेदीचा एकाधिकार मिळाला. स्पर्धक खरेदीदार गेले, तक्रारीची जागा गेली, विरोधी वृत्तपत्र गेले. १९६६ नंतर नेमलेल्या चौकशी समितीपुढे शेतकऱ्यांनी मापात होणाऱ्या लुबाडणुकीच्या कहाण्या सांगितल्या. ७२ शिलिंगांचा भाव १९५९ मध्ये ६० वर आला होता. १९६५ मध्ये तो ४० शिलिंग झाला. जगाचा भाव पडला तेव्हा शेतकऱ्याला सावरण्यासाठी जो निधी राखला होता, तो खर्च झाला होता. छत्रीसाठी वर्षानुवर्षे पैसे घेतले आणि पाऊस आला त्या दिवशी छत्री नव्हती.

४

या दशकाचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे व्होल्टा नदीवरील आकोसोंबोचे धरण. कल्पना जुनी होती. भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट किट्सन यांनी ती १९१५ मध्येच सुचवली होती. घानात बॉक्साइट आहे, नदी आहे. नदीपासून वीज, विजेपासून अॅल्युमिनियम, अॅल्युमिनियमपासून उद्योग, अशी ती साखळी. जागतिक बँक व इतर सावकार यांची अट अशी की, विजेला खात्रीचे गिऱ्हाईक हवे. देशात तेवढी मागणी नव्हती. गिऱ्हाईक मिळाले ते अमेरिकन: कायझर व रेनॉल्ड्स या कंपन्यांनी टेमा येथे धातू गाळण्याचा कारखाना काढण्याचे मान्य केले. त्यासाठी युनिटला एका सेंटच्या जेमतेम पाव हिश्श्याइतका विजेचा दर तीस वर्षांसाठी ठरला, करांत सवलती मिळाल्या, आणि साखळीचा पहिलाच दुवा गाळण्यात आला. कारखाना घानाचे बॉक्साइट वापरणार नव्हता. शुद्ध केलेला अॅल्युमिना बाहेरून जहाजाने येणार, टेम्याला वितळणार आणि पुन्हा जहाजाने जाणार. अवासोच्या खाणीतले बॉक्साइट कच्च्या रूपातच परदेशी जात राहिले.

धरणामागे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे सरोवर पसरले. मानवनिर्मित जलाशयांत क्षेत्रफळाने ते जगात सर्वांत मोठे. त्याखाली सातशेहून अधिक गावे गेली आणि सुमारे ८०,००० माणसे ५२ नव्या वसाहतींत हलवली गेली. त्यांना प्रत्येकी एक पुरी खोली व बाकीच्या घराचा पाया बांधून मिळाला. जमीन अपुरी पडली. सरोवराकाठी बिल्हार्झियाचा रोग वाढला. त्यांतील अनेक वसाहतींना पुढे कित्येक वर्षे वीज मिळाली नाही. ज्यांच्या अंगणावरून पाणी गेले त्यांच्या डोक्यावरून ताराही गेल्या.

तरीही आम्ही आकोसोंबोला फसलेला प्रकल्प म्हणणार नाही. त्या धरणाने घानाला दशकानुदशके वीज पुरवली, शेजारी देशांना विकण्याइतकी. ते नसते तर आजचे टेमा नसते. १९८५ मध्ये घानाने नव्याने वाटाघाटी करून कारखान्याचा दर अनेक पटींनी वाढवून घेतला, यावरून पहिला करार किती एकतर्फी होता तेही कळते आणि सौदा करण्याची शक्ती शिकता येते हेही कळते. धरणाचे उद्घाटन एन्क्रुमांनी २२ जानेवारी १९६६ रोजी केले. महिनाभराने ते सत्तेवर नव्हते. हनोईला जाताना वाटेत, पेकिंगमध्ये, त्यांना बंडाची वार्ता मिळाली. १९७२ मध्ये बुखारेस्ट येथे त्यांचे निधन झाले.

५

एन्क्रुमांनी चूक वाट घेतली म्हणून असे झाले, हा निष्कर्ष काढण्याआधी शेजारी पाहिले पाहिजे. एप्रिल १९५७ मध्ये आबिजान येथे एन्क्रुमा आणि आयव्हरी कोस्टचे नेते उफुए-ब्वान्यी यांच्यात पैज लागल्याचे प्रसिद्ध आहे: दहा वर्षांनी पाहू कोणाचा देश पुढे जातो. उफुए-ब्वान्यींनी फ्रान्सशी संबंध घट्ट ठेवले, परकीय भांडवलाला दारे उघडी ठेवली, शेतकऱ्याला घानापेक्षा बरा भाव दिला. १९७० च्या दशकाअखेर त्यांचा देश कोकोत घानाच्या पुढे गेला. पैज त्यांनी जिंकली असे सर्वांनी मानले. मग १९८० च्या दशकात भाव कोसळले. १९८७ मध्ये त्यांनाही परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. १९८८-८९ मध्ये त्यांनीही कोको रोखून धरून पाहिला आणि तेही हरले. शेवटी शेतकऱ्याचा भाव ४०० फ्रँकवरून २०० वर आणला गेला. दोन उलट वाटा, आणि दोन्हींच्या टोकाला तोच बाजार.

इकडे घानाची घसरण बंडानंतरही चालूच राहिली. १९७१ मध्ये बुसिया सरकारने चलनाचे मोठे अवमूल्यन केले. काही आठवड्यांतच, जानेवारी १९७२ मध्ये, दुसरे बंड झाले. १९८३ हे वर्ष सर्वांत वाईट. दुष्काळ, वणव्यांत जळालेले कोकोचे मळे, सरोवराची पातळी खाली गेल्याने विजेची टंचाई आणि नायजेरियातून हाकलले गेलेले सुमारे दहा लाख घानावासी. कोकोचे पीक १,६०,००० टनांच्या आसपास आले. त्याच वर्षी रॉलिंग्ज यांच्या सरकारने, जे क्रांतीची भाषा बोलत आले होते, नाणेनिधीची वाट धरली. शेतकऱ्याला भाव वाढवून मिळाला आणि पीक सावरू लागले. बाउअर यांचे म्हणणे तीस वर्षांनी खरे ठरले, असे म्हणता येईल. पण निर्यात वाढली म्हणून परावलंबन संपले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये घानाने परदेशी कर्जाची फेड थांबवली आणि मे २०२३ मध्ये नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर करून घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या पार गेला, तेव्हा घानाचे पीक रोगाने आणि मळ्यांवर अतिक्रमण करणाऱ्या सोन्याच्या खोदकामाने घटलेले होते. आगाऊ विक्रीचे करार जुन्या, कमी भावाने झालेले असल्यामुळे त्या तेजीतला फार थोडा हिस्सा शेतकऱ्यापर्यंत पोहोचला.

या साऱ्यातून आम्ही काय घ्यावे? नवस्वतंत्र राष्ट्राच्या हातात नव्हत्या अशा गोष्टी पुष्कळ होत्या: कोकोचा भाव, कर्जाच्या अटी, धातू गाळण्याचे तंत्र, चॉकलेटची बाजारपेठ. त्यांच्यासाठी एन्क्रुमांना दोष देणे अन्यायाचे आहे. परंतु एक गोष्ट पूर्णपणे हातात होती. जे काही मिळेल, थोडे वा फार, त्यातला वाटा पिकवणाऱ्याला किती द्यावा, आणि हे ठरवताना त्याला बोलू द्यावे की नाही. तेथे नव्या राज्याने जुन्या राज्याचेच यंत्र उचलले आणि ते अधिक जोराने चालवले. हेतू बदलला होता, हे आम्ही मान्य करतो. लंडनच्या रोख्यांऐवजी आता शाळा, रस्ते, बंदर, धरण होते. पण मळ्यात उभ्या असलेल्या माणसाला हेतू दिसत नाही. त्याला काटा दिसतो आणि हातात पडलेले पैसे दिसतात.

त्याने उत्तरही दिले, आपल्या रीतीने. झाडे म्हातारी झाली तरी नवी लावली नाहीत; माल रात्री सरहद्दीपलीकडे नेला; मुले शहरात पाठवली. नियोजनकारांच्या तक्त्यांत हे उत्तर दहा-पंधरा वर्षांनी, घटलेल्या पिकाच्या रूपाने दिसू लागले. ज्या शेतकऱ्याने आपल्या पैशाने अरण्य विकत घेऊन वीस वर्षांत एक देश जगाच्या बाजारात पहिला आणला, त्याला विकासाचा भागीदार न मानता खाण मानले गेले. आमच्या मते घानाच्या पहिल्या दशकाची खरी हानी ही आहे, आणि ती गंगाजळीच्या आकड्यात मोजता येत नाही.